बांगडा लख्ख, जावई धूसर

मुंडकोडीच्या सीताराम आळ्वांच्या ओसरीवर बावीस रेडे भिंतीला टांगलेले होते. सगळे चौकटीत, सगळ्यांना हार, आणि सगळे आल्यागेल्याकडे अशा नजरेनं बघणारे की बाबा रे, तू आयुष्यात काय मिळवलंस ते आधी सांग आणि मग बस. घरातल्या माणसांचे फोटो आतल्या खोलीत होते. आळ्वांच्या लग्नाचा फोटोही आतच, कारण त्यात रेडा नव्हता.

बाविसाव्या रेड्याशेजारी एक मोकळा खिळा होता. तो ठोकून एकेचाळीस वर्षं झाली होती. आळ्वांच्या वडिलांच्या जोडीनं तोकूरबैलच्या कंबळात पाणी साडेसात कोलूंवरच्या निशाणाला लावलं, त्याच दिवशी घरी येऊन वडिलांनी तो स्वतःच्या हातानं ठोकला. फोटो तेवढा काढायचा राहिला. फोटोवाला ऐन वेळी चहा प्यायला गेला होता.

कंबळ म्हणजे चिखलपाण्यातली रेड्यांची शर्यत, पण कणेहलगे हा त्यातला प्रकार शर्यतीचा नाहीच, मिजाशीचा आहे. रेड्यांच्या मागे एक फळी, फळीला भोकं, फळीवर एका पायावर उभा असलेला माणूस. रेडे उधळले की भोकांतून पाणी आभाळाकडे उसळतं. वर निशाणाची दोन कापडं आडवी ताणलेली असतात, एक साडेसहा कोलूंवर (कोलू हे तिकडचं उंचीचं माप), दुसरं साडेसातवर. साडेसहा म्हणजे मान. साडेसात म्हणजे तीन माणसं एकमेकांच्या खांद्यावर चढली तरी वरच्याला उडी मारावी लागेल, अशी उंची. तिथं पाणी लागलेलं घर पुढच्या तीन पिढ्या लग्नात पहिल्या पंगतीला बसतं.

आळ्वांचं घर एकेचाळीस वर्षं दुसऱ्या पंगतीला बसत होतं. कारण नडुबैलचे दूमप्पा हेगडे. लग्न असो, बारसं असो, आळ्व वडिलांचं नाव काढायचा अवकाश, हेगडे पानाला चुना लावत शांतपणे विचारत, "पाहिलं कुणी?" वडील गेले तेव्हाही हेगडे भेटायला आले, डोळे पुसले आणि म्हणाले, "माणूस थोर. पाणी लागलं असतं तर आणखी थोर."

हेमलता सुवर्ण ही सुवर्ण स्टुडिओची मालकीण, फोटोग्राफर आणि झाडूवाली. वय सव्वीस. तिची ख्याती लग्नांची. नवरदेव कितीही घाबरलेला असो, तिच्या फोटोत तो विचारात पडलेला दिसे. गेल्या वर्षी आळ्वांनी खिळ्याचं काम तिच्यावर सोपवलं. शर्यतीच्या वाटेच्या टोकाला, मंचाजवळ, फोटोवाल्यांना दोरीमागं उभं करतात, तिथून तिनं आपल्या लग्नाच्या लेन्सनं, सत्तर-दोनशेनं, फोटो काढला (लेन्सचा आकडा मोठा, तितकं लांबचं जवळ दिसतं). फोटोत आभाळ छान आलं. चिखल छान आला. मधोमध दोन माश्या आल्या.

पाणी गेल्या वर्षी लागलं नव्हतंच, त्यामुळे आळ्व रागावले नाहीत. त्यांनी तो फोटो मोठा करून घेतला, सागवानी चौकट केली आणि खिळ्याखाली जमिनीवर टेकवून ठेवला. येईल त्याच्या हातात वाचायचं भिंग देऊन ते सांगत, "डावीकडची माशी बोल्ला. उजवीकडची कुट्टी. फोटो हेमानं काढलाय." हे शेवटचं वाक्य ते जरा मोठ्यानं म्हणत.

तेव्हापासून हेमलताला लग्नांत नवरदेवाचे काका विचारू लागले, "नवरा दिसेल ना फोटोत?" यंदा तो माश्यांचा फोटो जमिनीवरून हलला नाही तर ती स्वतः हलणार होती. मस्कतला मावशी होती.

यंदा तयारी जबरदस्त होती. बोल्ला आणि कुट्टी या जोडीला पंखा आला, पोहायला तलाव आला. घरानं नवस केला की निशाणाला पाणी लागेपर्यंत मासा वर्ज्य. आळ्वांच्या घरात मासा बंद म्हणजे काय, हे मांजराला विचारावं. पण ते विचारता येईना, कारण दुसऱ्याच दिवशी मांजर शेजारी राहायला गेलं. घरजावई यतीश रै, शाळेत गणित शिकवणारा साधा माणूस, रोज जेवताना डोळे मिटून बसे. त्याला वाटे कुणाच्या लक्षात येत नाही.

राहिलं कॅमेऱ्याचं भिंग. त्यासाठी आळ्व, हेमलता आणि रेड्यांचा सांभाळ करणारा, फळीवर उभा राहणारा नोणय्या असे तिघं जीपनं मंगळुरूला पै मामांच्या दुकानात गेले. दुकान दुसऱ्या मजल्यावर होतं.

"पै माम, लांबचं भिंग दाखवा," आळ्व म्हणाले. "चांगल्या घरचं."

"तिन्ही चांगल्या घरची आहेत, धनी. जपानची."

"जपान झालं हो. गाव कुठलं?"

पै मामांनी खोका फिरवून फिरवून पाहिला. "इथं लिहिलेलं नाही."

"नसू दे. नोणय्या, मान बघ."

नोणय्यानं पहिली लेन्स उचलली, गळ्यापाशी दाबून पाहिली, तळहातावर तोलली. ती सत्तर-दोनशे, हेमलताकडे होती तशीच. "जातिवंत आहे धनी, पण वासरू आहे."

दुसरी शंभर-चारशे. तिचं झाकण काढून नोणय्यानं आत फुंकर मारली. "दात बघू का?"

"लेन्सला दात नसतात," हेमलता म्हणाली.

"असतात," पै माम म्हणाले आणि फिरवायच्या कड्यावरचे खाचे दाखवले. गिऱ्हाईकाला नाही म्हणायचं नाही, हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम होता.

तिसरी खोक्यातून काढायला दोन माणसं लागली. सहाशे. तोंड घागरीएवढं, अंग पांढरं, आणि उभी ठेवल्यावर काउंटरवरचा गणपती तिच्यामागं दिसेनासा झाला. आळ्वांची पाठ आपोआप ताठ झाली.

"धनी, ऐका," हेमलता घाईनं म्हणाली. "शंभर-चारशे घेऊ. हातात धरून पळता येते. लांबचं जवळ घेते, आणि जवळ आलेलं मागे सारते. रेडे आपल्या अंगावर धावत येणार, येता येता मोठे होणार. सहाशे म्हणजे सहाशेच, तिला मागेपुढे काही नाही. त्यात बोल्लाचं नाक मावेल, कुट्टी मावणार नाही."

"नाक कुणाचं? बोल्लाचं ना? मग मावू दे."

"वजन तीन किलो आहे."

"नोणय्या, बोल्ला कुळीथ किती खातो?"

"तीन किलो, धनी. ते नुसतं तोंड धुतल्यावर."

"ऐकलंस? छोट्याकडून मोठं काम करून घेणं तुमच्या लग्नांत. कंबळात मोठा म्हणजे मोठा. पै माम, पळवून दाखवा."

पै मामांनी सहाशे खिडकीशी तिपाईवर चढवली, कॅमेरा लावला. आळ्वांनी डोळा लावला आणि दोन गल्ल्यांपलीकडच्या मासळीवालीला ओरडून सांगितलं, "अगं त्या सुरमईचे डोळे बघ, कालची आहे ती!" मासळीवालीनं ऐकलं नाही. त्यांनी भिंग आणखी खाली फिरवलं, आणि मग एका जागी रोखून धरलं.

"हेमा, बघ," ते बाजूला होत म्हणाले.

तिनं पाहिलं. बंदराकडच्या रस्त्यावर एक उघडी खानावळ होती. ताटात बांगडा होता, तव्यावरून नुकताच उतरलेला, मसाल्याचा कण अन् कण मोजून घ्यावा असा, शेजारी लिंबाची फोड. आणि त्या ताटावर, चेहऱ्यावर मोक्षाचा भाव घेऊन, यतीश रै. बांगडा लख्ख होता. जावई जरासा धूसर होता, कडेनं विरघळल्यासारखा. फोटोवाल्यांना असल्या गोष्टी दिसतात, त्यांची मनात नोंद होते. पण नोंद होण्यापलीकडे काही होण्याआधीच आळ्व म्हणाले, "हेच द्या. हे भिंग खरं बोलतं."

किंमत त्यांनी विचारली नाही. जातिवंत जनावराची किंमत त्याच्या तोंडावर विचारत नाहीत.

त्या दुपारपासून यतीश रैंची खुर्ची घरात होती, मान नव्हता. त्यांनी शपथेवर सांगितलं, "मामा, मी भात आणि सार जेवलो."

"माशांच्या खानावळीत?"

"हो."

"मग तिथं कशाला गेला होतास?"

"वासाला."

असं उत्तर सुचायला माणूस एकतर पट्टीचा खोटारडा पाहिजे, नाहीतर फार भुकेला. घरानं पहिला पर्याय निवडला. बायकोनं ताट वाढताना पाठ फिरवायला सुरुवात केली. सासूबाईंनी जाहीर केलं की यंदा पाणी लागलं नाही तर कशानं लागलं नाही, हे सांगायला ज्योतिषी लागणार नाही. सव्वीस दिवस यतीश रै शाळेतून उशिरा घरी आले आणि मुलांना अवघड गणितं घालत राहिले.

सहाशेचा मुक्काम गोठ्यात पडला, कारण पंखा तिथं होता. रोज संध्याकाळी बोल्ला आणि कुट्टीची तेलमालीश झाली की नोणय्या त्याच तेलकट हातांनी तिच्याकडे वळे. पहिल्या दिवशी हेमलता वेळेवर पोचली म्हणून बरं. तिनं गोठ्याबाहेरूनच मारलेली किंकाळी हेगड्यांच्या नडुबैलपर्यंत ऐकू गेली, आणि तिकडे बातमी पसरली की आळ्वांचा रेडा बिघडला.

तोकूरबैलचं कंबळ माघात होतं. लाउडस्पीकर सकाळपासून घरांची नावं पुकारत होता, ढोल वाजत होते, गोळीबजेची, म्हणजे मैद्याच्या गोल भज्यांची, कढई तापली होती. कंबळाच्या समितीचे अध्यक्ष दूमप्पा हेगडे. निशाणाखाली बांधावर उभं राहून पाणी कुठवर गेलं हे सांगणं त्यांच्याकडे होतं. कापडं दिवसभर उडत्या शिंतोड्यांनी ओली होत, त्यामुळे ओल्याचा पुरावा चालत नसे, डोळ्यांचाच चाले. हेगड्यांचे डोळे वयाच्या अडुसष्टाव्या वर्षीही घारीचे होते, निदान आळ्वांच्या रेड्यांच्या बाबतीत.

हेमलतानं सहाशे मंचावर चढवली. शर्यतीची वाट मंचाच्या समोरून सरळ पसरलेली होती, तिच्यावर मध्ये, मंचाहून खालच्या उंचीवर, ती दोन कापडं. वरून सगळं हाताशी आल्यासारखं दिसत होतं. मंगळुरूहून आलेल्या वर्तमानपत्रांच्या फोटोग्राफरांनी सहाशेकडे पाहिलं, मग आपापल्या लेन्सकडे पाहिलं, आणि एकानं आपली पिशवीत ठेवून दिली. हेमलतानं घसा खाकरला. तिला त्या क्षणी फार बरं वाटलं, आणि ते लपवायचा तिनं प्रयत्न केला नाही.

"मुंडकोडी सीताराम आळ्व!" लाउडस्पीकर गरजला. "बोल्ला, कुट्टी! फळीवर नोणय्या!"

जोडी सुटली. चिखलातून निघालेला तो आवाज कानांनी ऐकायचा नसतो, तो पोटात येतो. हेमलतानं श्वास धरला, वरच्या कापडावर नेम ठेवला, बटण दाबलं आणि एका दमात बारा फोटो घेतले. रेडे निशाणाखालून पार झाले. हेगड्यांनी शिटी फुंकली आणि दोन बोटं खाली वळवली.

"साडेसहा!" लाउडस्पीकर म्हणाला.

आळ्वांचा चेहरा पडायच्या आत हेमलतानं फोटो उघडले. सातव्यावर ती थांबली. पाण्याचे दोन शुभ्र खांब सरळ वर चढलेले आणि वरच्या निशाणावर फुटलेले. तिनं आयुष्यात काढलेला सगळ्यात देखणा फोटो. शेजारचा फोटोग्राफर "मारायरे!", म्हणजे अहो राव, एवढंच म्हणू शकला.

पुढचं सगळं तिच्या हाताबाहेर झालं. आळ्वांनी कॅमेरा तिपाईसकट उचलला आणि धोतर सावरत बांधाकडे निघाले. मागे हेमलता, मागे नोणय्या चिखलानं माखलेला, मागे अर्धं कंबळ, सगळ्यात शेवटी यतीश रै.

"हेगडे! पाहिलं कुणी म्हणून विचारता ना? घ्या, पाहा!"

हेगड्यांनी चष्मा पुसला. पाहिलं. पुन्हा पुसला.  ते खडूस होते, लबाड नव्हते.

"लागलंय," ते अखेर म्हणाले. आवाज कुणा दुसऱ्याचा वाटावा असा. "डोळे गेले माझे, आळ्व. वय झालं."

लाउडस्पीकरवाला हुशार होता, त्यानं घोषणेच्या आधी ढोलवाल्यांना खूण केली. लोक आळ्वांना खांद्यावर घ्यायला धावले. आणि हेमलतानं, नुसता आनंद म्हणून, कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो आणखी मोठा केला.

कापड लख्ख होतं. वीण मोजता येत होती. पाणी जरासं धूसर होतं. कडेनं विरघळल्यासारखं.

तिनं मान वर केली. समोर यतीश रै उभे होते, रोडावलेले.

गप्प बसणं किती सोपं आहे, हे तिला त्या क्षणी स्पष्ट दिसलं. हेगडे मान्य करून बसले होते. खिळा भरणार होता. माश्या जमिनीवरून हलणार होत्या. मस्कतचा दमट उन्हाळा टळणार होता. आणि पुढची तीस वर्षं त्या ओसरीवर प्रत्येक पाहुण्याला सांगितलं जाणार होतं, फोटो हेमानं काढलाय.

त्या शेवटच्या वाक्यानंच घात केला.

"धनी," ती म्हणाली, "बांगडा."

"संध्याकाळी पोरी, संध्याकाळी! अख्ख्या गावाला बांगडा!"

"तो नाही. जावयांचा." तिनं पडदा आळ्वांपुढे धरला. "लांबचं भिंग अंतर खातं, धनी. पुढचं आणि मागचं एकावर एक चिकटवून दाखवतं. हे कापड बघा, धागा न् धागा दिसतोय. पाणी बघा, धूसर. म्हणजे पाणी कापडापाशी नाहीच, पाच-सहा हात मागे आहे. आणि मी कापडापेक्षा उंचावर होते, म्हणून मागचं बुटकं पाणीसुद्धा कापडावर चढल्यासारखं दिसलं. पाणी लागलेलं नाही. हेगडे धन्यांचे डोळे ठीक आहेत."

ढोल एक एक करून थांबले. शेवटचा ढोलवाला जरा बहिरा होता, त्यानं आणखी चार थापा दिल्या.

आळ्वांनी पडद्याला नाक लावून धागे पाहिले. मग त्यांनी हळूच विचारलं, "आणि बांगडा?"

"पुढच्या टेबलावरच्या कुणाचा तरी. बांगडा लख्ख होता धनी, जावई धूसर होते. मला तेव्हाच कळायला हवं होतं."

आळ्वांनी जावयाकडे पाहिलं. सव्वीस दिवसांनी पहिल्यांदा नीट, डोळ्यांत डोळे घालून.

"वास कसा होता?" त्यांनी विचारलं.

"चांगला होता, मामा," यतीश रै म्हणाले.

माफी मागून झाली होती. आळ्वांच्या घराण्यात एवढी मोठी माफी त्याआधी कुणी मागितल्याचं ऐकिवात नव्हतं. मग त्यांनी पंचा खांद्यावर झटकला, लाउडस्पीकरवाल्याच्या हातातून माइक घेतला आणि छाती काढून, जणू जिंकल्याचंच सांगत आहेत अशा थाटात, सांगितलं, "मुंडकोडीचं पाणी साडेसहा! साडेसातला लागलेलं नाही! आमच्या घराला लागलेलं पाणी चालतं, लागल्यासारखं दिसलेलं चालत नाही. दुसरी फेरी अजून आहे!"

लोकांना काय करावं कळेना, म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या मात्र मघाच्या ढोलांपेक्षा जास्त वेळ वाजल्या.

हेगडे पानाला चुना लावायला लागले होते, पण बोट पानावर फिरतच राहिलं. एवढ्या वर्षांत त्यांच्यावर असा प्रसंग आला नव्हता. "पोरीला बांधावर येऊ दे," ते शेवटी म्हणाले. "दुसऱ्या फेरीला. निशाणाच्या बरोबर बाजूला, माझ्या समोरच्या बांधावर. तिथं आजवर कुणा फोटोवाल्याला सोडलेलं नाही." आणि सवयीनं जोडलं, "म्हणजे न लागलेलं नीट दिसेल."

उन्हं कलायला लागली तशी दुसरी फेरी आली. हेमलतानं सहाशे आळ्वांच्या मांडीवर ठेवली आणि पिशवीतून आपली जुनी सत्तर-दोनशे काढली.

"ही?" आळ्व ताडकन म्हणाले. "माश्यांची?"

"लेन्स माश्यांची नव्हती, धनी. जागा माश्यांची होती."

बांधावर घोट्याएवढा चिखल होता. इथून कापड आणि पाणी एका रेषेत होती, दोन्ही तिच्यापासून सारखीच लांब. खोटं बोलायला भिंगाला जागाच नव्हती. तिनं कॅमेरा उभा धरला. समोर, पलीकडच्या बांधावर, दूमप्पा हेगडे शिटी ओठांत धरून उभे होते, अंगात पांढरा रेशमी सदरा. तिला तिचा बाप आठवला. होडीतून जाळं फेकताना तो म्हणायचा, मासा आहे तिथं टाकशील तर पाणी मिळेल, येणार आहे तिथं टाक. तिनं रेड्यांकडे पाहायचंच नाही असं ठरवलं. वरच्या कापडाला चौकटीच्या माथ्यावर बसवलं आणि थांबली.

आवाज आधी पायांत आला, मग पोटात. डोळ्याच्या कोपऱ्यातून काहीतरी काळं आणि प्रचंड निघून गेलं, नोणय्याची आरोळी निघून गेली, आणि जमिनीतून दोन पांढरे खांब उठले. सेकंदाच्या दोन हजाराव्या हिश्श्यात तिनं जे पाहिलं ते हे, की निशाण एकदम वर उडालं. वाऱ्यानं उडतं तसं नाही. खालून कुणी चापट मारल्यासारखं.

मग ते सगळं पाणी परत खाली आलं, आणि जवळजवळ सगळं हेगड्यांवर आलं.

शिटीत पाणी गेल्यामुळे ती वाजेना. हेगड्यांनी दोनदा फुंकून पाहिलं, दोनदा बुडबुडा आला. अखेर त्यांनी तसंच निथळत, शिटी ओठांत ठेवूनच, दोन्ही हात डोक्यावर उंच केले. साडेसात.

यंदा ढोलवाले पहाटेपर्यंत थांबले नाहीत, आणि बहिरा तर दुसऱ्या दिवशीही वाजवताना सापडला.

मुंडकोडीच्या ओसरीवर आता बावीस रेडे आणि एक ओलं कापड आहे. तेविसाव्या फोटोत रेडा नाही. माथ्यावर निशाण, मधोमध उसळून उडालेलं, त्यावर फुटलेलं पाणी, थेंब अन् थेंब सुटा. खालच्या कोपऱ्यात पांढऱ्या गोंड्याची एक शेपटी आणि ती घट्ट धरलेली नोणय्याची मूठ. पंचक्रोशीत पांढऱ्या गोंड्याचा रेडा एकच, बोल्ला. त्यामुळे पाणी कुणाचं हा प्रश्न उरत नाही. नवखे पाहुणे विचारतात, हे काय, धुणं? आळ्व शांतपणे म्हणतात, "हो. आमच्या बोल्लानं धुतलेलं."

आणि शेपटीच्या वर, पलीकडच्या बांधावर, शिटी ओठांतून लोंबकळत असलेले, डोळे पुरे उघडे आणि तोंड त्याहून उघडं, असे दूमप्पा हेगडे. तेही लख्ख.

नवस फिटल्यावर पहिल्या जेवणाला हेगड्यांना बोलावणं गेलं. ते आले, हात मागे बांधून फोटोसमोर उभे राहिले.

"हा कोण?"

"तुम्ही."

"तोंड उघडं आहे."

"पाणी लागताना पाहणाऱ्याचं असंच होतं."

हेगड्यांनी डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. "सदरा बरा दिसतोय. पोरी, एक प्रत मलाही दे. मोठी." त्यांच्या घरी ती आज पुढच्या दारात लावलेली आहे, म्हणजे आळ्वांच्या विजयाचा पुरावा आता दोन घरांत आहे. हे हेगड्यांच्या लक्षात आलेलं नाही असं कुणी म्हणतं, आलेलं आहे असंही कुणी म्हणतं.

पानं वाढली. मांजर परत आलं होतं. यतीश रैंच्या पानात सासूबाईंनी तीन बांगडे वाढले आणि विचारलं, हे लख्ख दिसतायत ना? या खेपेला जेवताना त्यांनी डोळे उघडे ठेवले होते. सहाशेचा विषय निघाला तेव्हा आळ्वांनी ती हेमलताला देऊन टाकली. गोठ्यात तिला ठेवल्यापासून कुट्टी रुसला होता. हेमलता आता रविवारी सकाळी देवराईतल्या वडापासून लांब बसते. फळं खायला धनेश येतात, ते उंच फांदीवर बसतात, जवळ गेलं की उडतात. सहाशे त्यांच्यासाठीच जन्मलेली होती. बिचारीला स्थळ चुकीचं दाखवलं गेलं होतं.

"अप्पांचंही लागलं होतं," जेवता जेवता आळ्व वडिलांबद्दल म्हणाले. कुणाला उद्देशून नाही, तेविसाव्या चौकटीकडे बघत.

"पाहिलं कुणी?" हेगड्यांच्या तोंडून निघालंच. एकेचाळीस वर्षांची सवय.

मग त्यांनी माशाचा काटा पानाच्या कडेला ठेवला. भात कालवायला घेतला.

"माझ्या वडिलांनी पाहिलं होतं," ते म्हणाले. "त्या वर्षी निशाणाखाली तेच उभे होते, आणि त्यांनी बोटं खाली वळवली. घरी आले, पानावर बसले आणि तसेच उठले. आई विचारत राहिली, मासा बिघडलाय का? ते म्हणाले, मासा ठीक आहे, पाणी फार वर गेलं."

 आळ्व उठले, खरकट्या हातानंच आत गेले, आणि हातोडी घेऊन आले. तेविसाव्या चौकटीच्या वर, सगळ्या रेड्यांच्या वर, त्यांनी एक नवा खिळा ठोकला. त्याला त्यांनी काहीच अडकवलं नाही. दोन पावलं मागे सरून, खिळा सरळ आहे ना हे एक डोळा मिटून पाहिलं, आणि परत येऊन पानावर बसले.

"हेगड्यांना आणखी एक बांगडा वाढा," ते म्हणाले. "डोक्याकडचा, मानाचा."